कुडावरची माडी

माणूस आपल्या जागेपासून तुटला की अर्धा मरतो. वाक्य माझं नाही. हैदराबादेहून आलेल्या एका चित्रकाराने ते आमच्या गावातल्या बहुतेक माणसांना, एकेकाला बाजूला घेऊन ऐकवलं होतं, आणि ते इतक्या गंभीरपणे की ऐकणाराही क्षणभर डोळे मिटून घ्यायचा. पुढे मी पुष्कळ पुस्तकं वाचली. त्यांत हाच विचार निरनिराळे पोशाख घालून मला भेटत राहिला, आणि दर वेळी मला तो हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात प्लेगामुळे आमचं सबंध गाव घरदार सोडून रानात राहायला गेलं होतं. अर्धं कुणी मेलं नाही. जे मेले ते पुरते मेले, आणि जे राहिले त्यांची भूक दुप्पट झाली.

आम्ही कासार. गाव पाटोद्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला. माझे वडील, म्हणजे आबा, तट्टावर बांगड्यांच्या माळा लादून आसपासचे बाजार करायचे आणि माय घरी बसून गावातल्या बायकांना बांगड्या भरायची. हात बघितला की बाई कोण, कुठली, घरात भांडून आली आहे की कसं, हे तिला कळायचं. तोंडाकडे ती शेवटी बघायची. घर म्हणजे पुढे ओसरी, मागे एक खोली, तिच्यातच चूल, वर मातीचं माळवद. खिडकी नव्हती. खिडकी गावात कुणाच्याच घराला नव्हती, पाटलाच्या गढीलासुद्धा नाही. आपणच भिंतीला भोक पाडून चोराला वाट करून द्यायची कशाला, असा सरळ विचार. उजेड दारातून यायचा, धूर छतातल्या भोकातून जायचा, आणि यात काही कमी आहे असं वाटण्याइतकं कुणी बाहेर फिरलं नव्हतं. आबा फिरले होते, पण ते बाजारातून बांगड्या सोडून दुसरं काही घरी आणत नसत, विचारही नाही.

उंदीर पडू लागले की गाव सोडायचं, हे तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. पहिला उंदीर मारुतीच्या ओट्यावर पडला, दुसरा पाटलाच्या धान्याच्या बळदाशी. पाटलाने दवंडी दिली, ती दुसऱ्या उंदरानंतर. आम्ही भांडीकुंडी, बांगड्यांचे पेटारे आणि देव घेऊन गावाबाहेरच्या माळावर आलो. तिथे तुराट्या बांधून कूड उभे केले, म्हणजे काटक्यांच्या भिंती, त्यांना शेणमातीचा जाड गिलावा दिला आणि वर कडबा टाकला. आता सांगते ते मी तेव्हा पाहिलं होतं, पण त्यातली गंमत कळायला म्हातारपण यावं लागलं. चारी बाजूंना मोकळं रान पडलेलं असताना लोकांनी झोपड्या घातल्या त्या गावातल्याच क्रमाने. पाटील मध्ये, त्याच्या उजवीकडे कुलकर्णी, मग सोनार, मग आम्ही. ज्या शेजाऱ्याशी बापजाद्यांपासून भांडण, त्याचाच शेजार घेतला. आणि गावकुसाबाहेरच्या लोकांनी, आता गावकूसच उरलेलं नसताना, त्याच्या बाहेर ओढ्यापलीकडे झोपड्या घालाव्यात असंही सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं. घर सुटलं होतं. बाकी काही सुटलं नव्हतं.

धंद्याचं म्हणाल तर त्या दिवसांत भरण्यापेक्षा फोडायच्या बांगड्याच जास्त होत्या, आणि त्याला कासार लागत नाही. माय रिकाम्या हातांनी बसून राहायची. खाण्याची मात्र चंगळ होती. ज्वारी हुरड्यात आलेली, हरभरा घाट्यात. सकाळी आगटी पेटायची ती पार ऊन चढेपर्यंत, आणि तळहातावर चोळलेला गरम हुरडा, लसणाची चटणी आणि गूळ यावर मोठी माणसं पोरांसारखी तुटून पडायची. गावात असताना जी बाई नवऱ्यासमोर जेवत नसे ती आता त्याच्या शेजारी बसून कणसं भाजत होती, कारण आडोशाला जागाच नव्हती. कुत्री तेवढी गावात राहिली. मालक गेले तरी ती रिकाम्या दारांत बसून राहिली म्हणून लोकांना गहिवरून यायचं. दोन दिवसांनी कुत्रीही आली. भाकरी इकडे होती.

अशात एका दुपारी एक बैलगाडी आली. गाडीवानाने एक माणूस, एक लाकडी पेटी आणि कापडाची एक भलीमोठी गुंडाळी आमच्या झोपडीसमोर उतरवली, उंदरांची बातमी ऐकली, आणि बैलांना पाणीही न दाखवता गाडी फिरवली. माणूस उंच, हडकुळा, अंगात एके काळी काळी असलेली शेरवानी. नाव हमीदमियाँ. आमच्या जहागीरदारांनी त्यांना हैदराबादेहून बोलावलं होतं, मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले जहागीरदार काढण्यासाठी. जहागीरदारांनी वाघ मारलेला नव्हता. पण चित्रात तो मारता येतो, म्हणून तर चित्रकार. मियाँ वाटेत गोदाकाठी प्लेगाच्या बंदोबस्तात महिनाभर अडकले, आणि ते इथे पोचेपर्यंत जहागीरदार पहिल्या उंदराबरोबरच हैदराबादेला निघून गेले होते. दोघे वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेले असणार.

आता ना पुढे जाता येत होतं ना मागे. चाँदभाई बागवानाने त्यांना आपल्या झोपडीत ठेवून घेतलं. लोक त्यांना चितारी म्हणत. ते दर वेळी आपल्या उर्दूत शांतपणे दुरुस्त करत, "मुसव्विर." लोक हो म्हणत आणि पुन्हा चितारी म्हणत. आल्यावर दोन दिवस ते नुसते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ते वाक्य काढलं. माणूस आपल्या जागेपासून तुटला की अर्धा मरतो. उरलेला अर्धा मला कागदावर धरायचा आहे. पोट भरलेलं, तोंडाला हुरड्याची राख लागलेली अशी ती माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपण इतके दुःखी आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण एकदा सांगितल्यावर कुणाला नाही म्हणवेना.

त्यांची पद्धत अशी होती. माणसाला समोर बसवायचं, डोळे मिटायला लावायचं आणि सांगायचं की आता आपल्या घराच्या दारात उभे राहा, आत चला, दिसेल ते बोला. तो बोलेल तसं हे काढणार. आधी कागदावर, आणि मालक हो म्हणाला की झोपडीच्या कुडावर. कागद संपत आल्यावर थेट कुडावरच. जहागीरदारांच्या वाघासाठी आणलेला पिवळा रंग चार घरांच्या भिंतींना गेला. पुढे गेरू, चुना, काजळ आणि नीळ. मियाँ कोळशाची कांडी हातात धरून समोरच्याच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी कधी येतं याची वाट बघत बसायचे. पाणी यायचं नाही. सोनाराने डोळे मिटले आणि पहिलं वाक्य बोलला की शेजाऱ्याची मोरी माझ्या भिंतीत मुरती, ती आधी काढा. कुलकर्ण्यांना आपल्या ओसरीपेक्षा समोरच्याची ओसरी दोन बोटं उंच आहे हेच दिसत होतं. पाटलाने गढीचा दरवाजा सांगितला तो अंबारीसकट हत्ती आत येईल एवढा. गावात हत्ती कधी आला नव्हता, आणि त्या दरवाजातून वाकून जाताना पाटलाचा स्वतःचा फेटा पडलेला मी पाहिला होता. मियाँनी काही विचारलं नाही. जसं सांगितलं तसं काढलं. हळूहळू आमच्या त्या माळावर शेणमातीच्या ठेंगण्या भिंतींवर असे दरवाजे, अशा ओसऱ्या, असे कोरीव खांब उभे राहिले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हे गाव त्या गावापेक्षा बरं आहे.

तसं एकाला वाटलंही. तहसीलदारसाहेब पाहणीला आले. ते बांधापलीकडे टांग्यातच बसून राहिले, नाकाला अत्तराचा फाया लावून, आणि तेवढ्या अंतरावरून त्यांनी आमची वस्ती न्याहाळली. मग पाटलाला हाक मारून विचारलं की सरकारच्या इजाजतीशिवाय इतके पक्के मकान कुणी बांधले. पाटील अर्धा रस्ता पुढे गेला आणि हात जोडून म्हणाला की साहेब, ते नुसतं दिसायला हाय. साहेबांनी समाधानाने मान हलवली. दिसणं हाच त्यांचा महकमा, त्यांचं खातं असावं. टांगा फिरला.

एक झोपडी तेवढी कोरी राहिली. पारूबाई म्हणून एक परटीण होती. गाव सोडायच्या आठवड्यात तिच्या घरातून दोघेजण गेले होते, नवरा आणि मोठा मुलगा. मियाँ तिच्याकडे गेले, तेच वाक्य म्हणाले, आणि डोळे मिटा म्हणाले. तिने मिटले नाहीत. "माज्या कुडावर काई काडू नगा," ती म्हणाली. मियाँनी कोळशाची कांडी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी तिच्या कुडाचा गिलावा एका जागी उकलला होता तो त्यांनी स्वतः शेणमाती कालवून सारखा केला आणि परत आले. त्या दिवशी त्यांनी कुणाला ते वाक्य ऐकवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं.

माझा यात संबंध आला तो एका कागदामुळे. मी तेव्हा चौदाची, म्हणजे त्या काळच्या मानाने उशीर झालेली. आदल्या साली ठरत आलेलं एक स्थळ प्लेगानेच नेलं होतं. माझी तशी काही तक्रार नव्हती, पण मायला घोर होता. एका सकाळी मियाँनी आम्हाला आपली पद्धत समजावताना गोदाकाठी काढलेली चित्रं दाखवली. त्यांत एक घर होतं. पूर्वाभिमुख, साधंच, आमच्यासारखंच माळवदाचं. पण डाव्या हाताच्या भिंतीला खिडकी होती. लाकडी चौकट, पलीकडे निळी नदी, नदीवर एक होडी, आणि खिडकीत बसलेल्या बाईचा नुसता हात दिसत होता, चौकटीवर ठेवलेला. मी नदी बघितली नव्हती. आमच्याकडे ओढा होता आणि तो चार महिनेच असायचा. बसल्या जागेवरून पाणी दिसतं, ते आपल्यासाठी थांबत नाही आणि संपतही नाही, हे मला त्या कागदावर पहिल्यांदा कळलं. मी तो कागद सोडीना.

मायने कागद बघितला आणि तिला नदी दिसली नाही, हात दिसला. "हे कासाराचं घर हाय," ती म्हणाली. इतक्या घट्ट बसलेल्या, एकावर एक बिनफटीच्या बांगड्या दुसऱ्या कुणाच्या हातात असत नाहीत. बाकीच्या बायका सैल मागतात, काढता याव्यात म्हणून. मियाँ म्हणाले, हो, कासारच. सखाराम नाव. गेवराईकडचा, नदीच्या अलीकडच्या काठाचा. मायने विचारलं, पोरं किती. मियाँ म्हणाले की एक मुलगा आहे, समजूतदार, बिनलग्नाचा. चित्र खाली ठेवलं गेलं आणि आमच्या घरात दुसरंच बोलणं सुरू झालं.

मुलगा कसा आहे हे मला कुणी विचारू दिलं नसतं, आणि मला विचारायचंही नव्हतं. मला खिडकी पाहिजे होती. मी मायला सांगितलं की देणार असशील तर त्याच घरात दे. तिला वाटलं, पोर गुणाची आहे. आज माझी नात लग्न ठरवताना मुलाच्या विचारांबद्दल तासन्‌तास बोलते तेव्हा मी गप्प बसते. मी भिंतीतल्या एका भोकाशी लग्न ठरवलं होतं, आणि त्याबद्दल माझी खात्री तिच्यापेक्षा जास्त होती.

बाजारच्या वाटेने निरोप गेला, निरोप आला. सखाराम कासार सोयरिकीला यायला तयार होते. पण आमच्यात रीत अशी की सोयरीक करायची तर एकमेकांचं घर बघायचं. चूल कुठे आहे, देव कुठे, पाऊस गळतो का, बघायचं. आमचं घर तर गावात बंद, आणि गावात पाऊल टाकायची बंदी. त्यांचंही तसंच. मायने त्यावर तोड काढली. त्यांचं घर आपण चित्रात बघितलं, ते आपलं चित्रात बघतील. यात गैर काय आहे ते आबांना लगेच सांगता आलं नाही. ते पुढे कळलं, कारण माय मियाँना म्हणाली की आमचं घर काढा आणि त्याला माडी काढा.

"माडी कुटं हाय आपल्याला?" आबा म्हणाले.

"बांधायची हाय का न्हाई?"

"कवा?"

"ते कवा चित्रात दिसत न्हाई," माय म्हणाली. "माडी दिसती."

आबा खोटं बोलत नसत. हे मी त्यांची थोरवी म्हणून सांगत नाही. फुटकी बांगडी माळेत घालून विकली तर ती बाईच्या हातात फुटते आणि पुढच्या बाजारात ती बाई तोच हात घेऊन येते, एवढ्याच कारणाने ते खोटं बोलत नसत. ते उठून तट्टाला चारा टाकायला गेले. मियाँनी मायला समोर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. माय आयुष्यात कधी कुठल्या माडीवर चढली नव्हती. पण तिने डोळे मिटले आणि चढू लागली. जिना आतून, देवाच्या कोनाड्याशेजारून. तिसरी पायरी वाजते, तिथे पाय सांभाळा. वर गेल्यावर उजव्या हाताला पेटारे, वाऱ्याला माळा टांगलेल्या, वारा आला की सगळ्या बांगड्या एकदम वाजतात. दिवाळीला लेक येती तिचं अंथरूण या कोपऱ्यात. इथून गावाची सगळी माळवदं दिसतात आणि कुणाच्या माळवदावर काय वाळत घातलंय ते समजतं. ती बोलत राहिली, तिचा आवाज खाली गेला, आणि मी बघितलं तर मियाँ कोळशाची कांडी तशीच धरून रडत होते. एवढ्या गावात एकाच घराने त्यांना रडवलं, आणि ते घर नव्हतं.

माडी झकास झाली. आमच्या झोपडीचा कूड छातीएवढा उंच, त्यावर दुमजली घर. सखाराम कासार आले, बरोबर त्यांचा भाऊ. सखाराम बुटके, बोलायला हळू, तोंडात कायम सुपारी. ते झोपडीसमोर उभे राहिले, चित्रातल्या उंबऱ्यापाशी आदराने पायताण काढलं, आणि मान थोडी मागे टाकून माडी बघितली. कुडावरचं बघायला मान मागे टाकावी लागत नव्हती. त्यांनी विचारलं की जिना आतून आहे का बाहेरून. माय पदराआडून म्हणाली, आतून. आबा जमिनीकडे बघत होते. मला बाहेर बोलावलं, हात बघितले, चालायला लावलं, हुरडा झाला, साखर वाटली. मुलगा बरोबर आला नव्हता. त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

उन्हं तापली तसा प्लेग ओसरला आणि आम्ही गावात परतलो. त्या दिवशीची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. माणसं आपापल्या दारात जाऊन उभी राहिली आणि थबकली. घरं लहान झाली होती. पाटील दरवाजातून आत जाताना वाकला नाही आणि फेटा पडला. सोनार भिंतीवर हात फिरवत बसला. मोरी मुरत होती ती त्याच्याच घरची निघाली. आठ-दहा दिवस सगळं गाव भाड्याच्या घरात आल्यासारखं चोरून वावरत होतं. मायने आत पाऊल टाकलं आणि देवाच्या कोनाड्याशेजारी, जिथे जिना असायला पाहिजे होता तिकडे, एकदा बघून घेतलं.

आबांना ते सहन झालं नाही. लग्न आमच्या दारात व्हायचं होतं, वऱ्हाड येणार, मान वर करून बघणार. त्याआधी आपण जाऊन सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं. माय म्हणाली की मोडतील. आबा म्हणाले, मोडू द्या. ते तट्टावर बसून गेवराईच्या वाटेला लागले. त्यांचा खरेपणा मला पटत होता, पण तो माझ्या खिडकीच्या किमतीत का, हे मला कळत नव्हतं. चार दिवसांनी ते परत आले. तट्टाला पाणी दाखवलं, पाय धुतले, ताटावर बसले. माय भाकरी थापताना म्हणाली, सांगितलं का?

"न्हाई," आबा म्हणाले.

"कावून? सांगाया तर गेलता."

"त्यांनी काई इचारलंच न्हाई."

मी दाराआडून विचारलं, "आबा, खिडकी बगितली?"

आबांनी घास पुष्कळ वेळ चावला. "हवा चांगली हाय," ते म्हणाले. "नदीवरची हाय." आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. जाताना ते दोन घास खाऊन उठले होते.

लग्नाच्या दिवशी मी आतल्या खोलीत हळदीने पिवळी होऊन बसले होते, म्हणून पुढचं मी पाहिलं नाही. मायने ते पुष्कळ वर्षांनी सांगितलं. वऱ्हाड दारात आलं. सखाराम कासारांनी पायताण काढलं आणि मान मागे टाकून वर बघितलं. वर माळवदाची कड होती, आणि तिच्यावर एक घार. सखारामांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"माडी उनाळ्यात लई तापती," ते म्हणाले.

"तापती," आबा म्हणाले. "अन्‌ खिडकीतून झळा येत्यात."

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. वऱ्हाडातल्या लोकांना वाटलं, काय हे व्याह्यांचं प्रेम. पुढे दोघे जिवंत असेपर्यंत ते होतंच. एकमेकांचं इतकं माहीत असलेले व्याही मी पुन्हा पाहिले नाहीत.

मी सासरी गेले. उंबरठ्यावरचं माप लवंडलं, आत आले, देवाला नमस्कार केला, आणि पदराच्या कडेतून डावीकडे बघितलं. भिंत होती. चांगली हातभर जाड, शेणाने सारवलेली, तिला एक खुंटी आणि खुंटीला छत्री. मी दुसऱ्या भिंतीकडे बघितलं, तिसऱ्या भिंतीकडे बघितलं. घरात माझ्या माहेरच्यापेक्षा थोडा जास्तच अंधार होता. बायका दारात नाव घे म्हणून मागे लागल्या होत्या आणि मला तो मुलगा पहिल्यांदा जवळून दिसत होता, पण माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी त्या डाव्या भिंतीपाशी उभी होते तर सासूबाई मागून आल्या. चित्रातला हात मी लगेच ओळखला.

"तू बी तीच हुडकतीस व्हय?" त्या म्हणाल्या. "मी या घरात आले तवापास्नं हुडकतीया."

मग त्यांनी मला जवळ बसवून दूधभात वाढला. दोन बायकांचं एकमेकींशी पटायला एवढं पुरतं असं नाही, पुढे आम्ही खूप भांडलो. पण त्या संध्याकाळनंतर आम्ही एकमेकींना परक्या नव्हतो.

हमीदमियाँ मला पुढे एकदा भेटले, गेवराईच्या बाजारात. जहागीरदार परत आले होते, आणि चित्र पुरं झालं होतं. मात्र चित्रात आपल्या मागे जहागीरदारांना आपली गढी नको होती. हैदराबादेत पाहिलेला कुण्या इंग्रज साहेबाचा बंगला हवा होता. मियाँनी तो काढला होता. वाघाला पिवळा रंग उरला नव्हता म्हणून वाघ तांबूस झाला, आणि बघणारे कधीकधी गाय समजतात, असं ते खेदाने म्हणाले. मी त्यांना विचारलं की नसलेली खिडकी तुम्ही काढलीत कशी? मुसव्विर ना तुम्ही?

"बेटा, तुमारी सास आँखाँ मीच के खिडकी में जा के बैठ गए थे," ते म्हणाले. "मैं उनकू कैसा उठाता?"

आणि मग त्यांनी मला, बाजाराच्या त्या गर्दीत, डोळे मिटून सांगितलं की माणूस आपल्या जागेपासून तुटला की अर्धा मरतो. मी हो म्हणाले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एवढ्या माणसांना जवळून बघितलं होतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना एकच गोष्ट दिसली नव्हती. माणसं ज्या जागेशी बांधलेली असतात ती त्यांच्याकडे असतेच असं नाही.

सासरे गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात सासूबाई एक दिवस म्हणाल्या की आता खिडकी पाडू. चोराची भीती घालणारं घरात कुणी उरलं नव्हतं. माझे यजमान म्हणाले की जागा कुठली ते तुम्ही दोघी ठरवा, मला त्यातलं कळत नाही. उजवीकडच्या भिंतीला चुलतसासऱ्यांचं घर टेकलेलं, पुढे दार, मागे गुरांचा गोठा. राहिली डावी. गवंडी आला, दोन दिवस धूळ झाली, सागाची चौकट बसली, आणि तो कागद मियाँकडून मी मागून आणला होता तो समोर धरून आम्ही चौकट वर-खाली सरकवून घेतली, थेट चित्रातल्यासारखी. सासूबाई त्या दिवशी तिच्यात बसल्या आणि मरेपर्यंत रोज संध्याकाळी बसत राहिल्या, चौकटीवर हात ठेवून. आता मी बसते.

खिडकी दक्षिणेला उघडते. नदी उत्तरेला आहे.